शेवटचा धागा आधी

घानातल्या क्पेटोए गावाच्या वाचनालयात दुपार पेंगुळली होती. बाहेर धुळीचा कोरडा वारा होता, म्हणून खिडक्या बंद होत्या. झाडाखालच्या विणकरांच्या मागांची खटखट तेवढी आत झिरपत होती, आणि ती ऐकता ऐकता एडिनामचे डोळे जड होत होते.

पण आज झोपून चालणार नव्हतं. राजधानीत, अक्राला होणाऱ्या संगणक-स्पर्धेसाठी गावाच्या संघात एकच जागा उरली होती. गावातल्या पोरांचे लाडके म्हातारे मास्तर, तोग्बे अग्बेको, यांनी कोडं घातलं होतं. जो आधी सोडवेल, त्याची ती जागा.

पडद्यावर निरर्थक अक्षरांची ओळ होती, शेवटी दोन बरोबरची चिन्हं. ती कशी दडवली, तेही तोग्बेंनी सांगून टाकलं होतं. आधी वाक्यातलं प्रत्येक अक्षर वर्णमालेत तीन घरं पुढे सरकवलं, मग ओळ उलटी केली, मग त्यावर बेस-सिक्स्टीफोर नावाचं पांघरूण घातलं, ज्याखाली अक्षरांची रूपंच पालटतात.

एडिनाम त्याच क्रमाने निघाली. अक्षरं मागे सरकवली, ओळ उलटी केली, पांघरूण काढलं. हाती कचरा आला. पुन्हा केलं, पुन्हा कचरा.

"काय गं, भूत बोलतंय का तुझ्या संगणकातून?" शेजारच्या सेनानूने विचारलं. त्याच्याही पडद्यावर भुतंच नाचत होती.

तेवढ्यात बाहेरचा एक माग थांबला. ती शांतता एडिनामच्या ओळखीची होती. तिचे बाबाही विणकरच; धागा चुकला की ते असे माग थांबवून उसवायला बसत. लहानपणी मदत म्हणून तिने चुकलेला धागा मधूनच ओढला होता, तेव्हा विणलेली सगळी पट्टी गोळा झाली होती. बाबा रागावले नव्हते. "शेवटी विणला तो आधी सोडायचा, पोरी," एवढंच म्हणाले होते.

तिने डोळे मिटले. मग मूळ ओळीवरचं पांघरूण आधी काढलं. ओळ सुलटी केली. अक्षरं तीन घरं मागे नेली. धुक्यातून माणसं यावीत तसे शब्द एकेक करून समोर आले.

ती काही बोलली नाही. उठली आणि खिडकी उघडली.

"अगं, धूळ येतेय, लाव ना!" सेनानू कुरकुरला.

वाऱ्याबरोबर मागाची खटखट पुन्हा सुरू झालेली ऐकू आली. कोपऱ्यातल्या खुर्चीत डुलक्या घेण्याचं सोंग करणाऱ्या तोग्बेंनी एक डोळा उघडला.

"राहू दे रे," ते म्हणाले. "ओळीत तेच लिहिलंय: 'आवाज न करता खिडकी उघड.'"