शून्याची जागा

उपग्रहाचं रडार जमीन किती खचली हे थेट सांगत नाही. शहरातली एक जागा पक्की धरायची, तिला शून्य म्हणायचं आणि बाकीचं शहर तिच्या मानाने किती खाली-वर झालं ते मोजायचं. आमच्या साहेबांनी पाण्याची जुनी टाकी पक्की धरली होती. टाकीला लागूनच माझ्या ताईचं घर.

भावजी पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेले. गेल्या वर्षापासून त्यांनी एकच धोशा लावला होता, खाट कलतेय, मी भिंतीकडे घसरतोय. ताईने मला विचारलं. मी नकाशा बघून सांगितलं, तुमच्याकडे शून्य आहे, अगदी पक्कं. मग डॉक्टरांनी तो भ्रम ठरवला आणि गोळी वाढवली, पुन्हा वाढवली. मी तर भावजींना चिडवायचेही, की शहर बुडालं तरी तुमची खाट तरंगेल.

दरवर्षी अर्धं शहर कणभर वर आलेलं दिसायचं. चूकभूल म्हणून आम्ही ते सोडून द्यायचो. या वेळी ते बोटभर वर आलं. साहेब म्हणाले, वर येतंय ना, मग बरंच आहे. माझं डोकं फिरलं. जमीन काय भिजवलेलं पीठ आहे फुगायला? मी शून्य उचलून शहराबाहेरच्या कातळावर ठेवलं आणि गणित पुन्हा चालवलं. अर्धं शहर जागच्या जागी बसलं. नकाशावर टाकी आणि तिच्याभोवतीची घरं लालभडक झाली. आमचं शून्यच खचत होतं.

साहेबांनी बजावलं, अहवाल तपासून होईपर्यंत तोंडाला कुलूप. मी मान डोलावली आणि थेट ताईकडे गेले.

मला वाटलं होतं, ती घराचं विचारेल, आता जायचं कुठे म्हणेल. सगळं ऐकून ती म्हणाली, "म्हणजे हे खरं बोलत होते?"

"हो."

"आणि मी त्यांना वेड्यात काढलं. तुझ्या भरवशावर."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती उठून आत गेली, मी तिच्या मागोमाग. भावजी छताकडे बघत पडले होते. ताई त्यांच्या कानाशी वाकली.

"अहो, तुमचं खरं होतं. आमचंच चुकलं."

त्यांनी बऱ्याच वेळाने मान वळवली. गोळ्यांनी जीभ जड झाली होती.

"मी काय म्हणत होतो?" त्यांनी विचारलं.