नखभर आत गेलेलं चाक

मित्रांनो, वाघीण म्हटल्यावर दचकू नका. मालगाडीच्या बंद डब्याला जुनी माणसं वाघीण म्हणतात, आणि मी तशीच एक जुनी वाघीण आहे. खऱ्या आगगाडीची नव्हे, टेबलावर धावणाऱ्या छोट्या गाडीची. तळहातावर मावते मी. रंग विटकरी, एका बाजूला सरकतं दार, आणि आत अंधाराशिवाय काही नाही. तरी त्या अंधारात मी एक गोष्ट नऊ वर्षं वाहिली. आज ती तुमच्यापुढे उतरवते.

माझा जन्म कारखान्यातला. वितळलेलं प्लास्टिक साच्यात ओतलं, साचा उघडला आणि मी ऊन ऊन बाहेर पडले. खाली चार चाकं, ती ज्यांवर बसतात ते दोन आस, आणि दोन्ही टोकांना एकेक वाकडा आकडा, पुढच्या-मागच्याला धरून ठेवायला. टपाल कचेरीतल्या एका कारकुनांनी मला घरी नेलं. त्यांच्याकडे एक काळं इंजिन होतं आणि दोन लेकरं होती. लेकरं मोठी झाली, कारकून देवाघरी गेले. मागे राहिलं ते इंजिन, आम्ही सहा डबे आणि घरातली मागची खोली.

थोरली मुलगी कपडे शिवायची. तिला सगळे ताई म्हणत. धाकटा भाऊ चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायचा, म्हणून ताई त्याला भिंगोबा म्हणायची. दोघांनी एक जुनं दार दोन लाकडी घोड्यांवर आडवं टाकलं आणि त्यावर वडिलांच्या गाडीसाठी रूळ अंथरले. रूळ टाकायचं काम ताईचं. गळ्यातली टेप काढायची, मोजायचं, खिळा ठोकायचा, पुन्हा मोजायचं. जिथं एका रुळाचे दोन होतात तो सांधा तर तिनं चार दिवस घेऊन बसवला. बसवताना ती गुणगुणायची,

रुळाला रूळ लागे, जसा टाक्याला गं टाका,
नीट चाल माझे वाघिणी, नको देऊ मला धोका.

तेव्हा मला वाटायचं, हे गाणं म्हणजे माझं कौतुक आहे.

कौतुक मला फार आवडायचं, हेही सांगून टाकते. भिंगोबा मला नेहमी इंजिनाच्या लगेच मागे जोडायचा. "ही माझी लाडकी," म्हणायचा, आणि मी फुगून जायचे.

एकदा ताईच्या शिवणकामातला एक लाल दोरा उडत आला आणि माझ्या आसाला गुंडाळला गेला. मी लंगडू लागले. भिंगोबानं मला उलटं केलं, एक चाक आसावरून उपटलं, चिमट्यानं दोरा काढला आणि चाक अंगठ्यानं परत दाबून बसवलं. जरा जास्तच दाबलं. चाक नखभर आत गेलं. फार नाही हो, नखाच्या जाडीइतकंच. भिंगाचा तसूभर फरक ओळखणाऱ्या माणसाला तो दिसला नाही. दुकानात तो सगळं मोजायचा, घरी आपल्या लाडकीला कोण मोजतं?

मला मात्र कळलं. सरळ रुळावर काही बोचत नव्हतं, पण सांध्यावर आले की ते चाक दचकायचं आणि त्याची कड रुळावर चढू पाहायची. त्याच वेळी मी पडायला हवं होतं. एकटीनं, सावकाश, कुणालाही न दुखवता. पण पडले तर लाडकी कशी राहणार? मी कशीबशी सावरत राहिले.

पुढच्या रविवारी शेजारीपाजारी गाडी बघायला जमले. भिंगोबाला चेव आला, त्यानं वेग वाढवला. सांधा आला. चाकाची कड रुळावर चढली, मी तिरकी झाले, आणि माझा तो वाकडा आकडा काही इंजिनाला सोडेना. मी त्याला ओढतच घेऊन गेले. इंजिन त्या आडव्या दाराच्या कडेवरून थेट फरशीवर पडलं. त्याचं धुराडं तुटून कपाटाखाली गेलं. आणि मी? मी ताईच्या चिंध्यांच्या ढिगावर पडले. मला ओरखडासुद्धा नाही.

शेजाऱ्यांनी एकेक करून काढता पाय घेतला. भिंगोबानं मला उचललं, सांध्यावर ठेवलं आणि बोटानं हळूच ढकललं. मित्रांनो, बोटाच्या त्या वेगानं मी सुळकन पलीकडे गेले. पाण्यावरून पान जावं तशी.

"बघ, वाघीण ठीक आहे," तो म्हणाला. "सांध्यातच खोट आहे. तुझं माप चुकलंय, ताई."

"माझं माप?"

"मग कुणाचं? वडिलांचं इंजिन होतं ते!"

"ते वडील माझेही होते रे."

ताईनं गळ्यातली टेप काढली, बोटांभोवती नीट गुंडाळली आणि पिशवीत टाकली. "आता तूच घाल मापं," एवढंच बोलली. त्याच आठवड्यात तिचं शिलाईचं मशीन टेम्पोत चढलं आणि दोन गल्ल्या पलीकडे गेलं.

रुळांवर चादर आली. आम्ही डबे बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात गेलो. धुराडं तुटलेलं इंजिन भिंगोबानं चष्म्याच्या दुकानातल्या काचेच्या कपाटात ठेवलं. भाऊ-बहीण कुठल्या लग्नात भेटले तर "बरं आहे ना?" एवढं विचारत आणि उत्तराला थांबत नसत. डब्यात मी सगळ्यांत वरती होते. हातही आधी मलाच लागणार, हे मला ठाऊक होतं. नऊ वर्षं मी त्या हाताची वाट पाहिली आणि त्याला घाबरलेही.

मग एक दिवस लेथवर जन्म काढलेले एक निवृत्त मिस्त्री जवळचा चष्मा करायला दुकानात आले. चष्म्याचं राहिलं बाजूला, ते कपाटाशीच खिळले.

"हिला असं का बसवून ठेवलंय हो? चालणाऱ्या बाईला खुर्चीत डांबल्यासारखं?"

त्यांनी धुराडं जोडून दिलं, आतली सुटलेली तार बसवली. इंजिन गुरगुरलं. मग ते म्हणाले, "आता डबेही काढा. ती प्लास्टिकची चाकं मळ धरतात, धातूची घालू. आणि हे वाकडे आकडे काढून नवे लावू. बंद मुठीसारखे असतात. अलगद धरतात, अलगद सोडतात."

संध्याकाळी ते घरी, मागच्या खोलीत आले. मिस्त्री नवं बसवण्याआधी जुनं मोजणारे. खिशातून खाचा पाडलेली एक लहानशी लोखंडी पट्टी काढली. माझ्या पाच भावंडांच्या चाकांवर पट्टीच्या खाचा टकटक बसल्या. माझ्यावर बसेचनात.

"हे चाक कुणी काढलं होतं का?"

"मीच," भिंगोबा म्हणाला. "दोरा अडकला होता."

"बसवताना मोजलं?"

"अंगठ्यानं दाबलं."

मिस्त्रींनी चादर सारली आणि तीच पट्टी रुळांवर फिरवली, सांध्यावर दोनदा. "आणि हे कुणी टाकलंय?"

"माझ्या बहिणीनं."

"सोन्याचा हात आहे हो बाईंचा. इथं केसाइतकी चूक नाही."

भिंगोबा स्टुलावर बसला. चष्मा काढला, पुसला, परत घातला, परत काढला. माझ्या पोटाखालून मिस्त्रींनी जुने आस ओढून काढले तेव्हा मला वाटलं, आता तरी हलकं वाटेल. वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यानं ती जुनी चाकं, पट्टी आणि नव्या चाकांवरची मी, अशा तिघांना चष्म्याच्या घरात घातलं आणि ताईच्या दुकानात नेलं. ती कापड बेतत होती. गळ्यात टेप, तोंडात दोन टाचण्या.

"ताई, तुझं माप चुकलं नव्हतं. मी चाक दाबलं होतं."

तिनं टाचण्या काढून उशीत खोचल्या. पट्टी जुन्या चाकांवर धरली. एकदा. उलटी करून पुन्हा.

"हे दिसायला तुला नऊ वर्षं लागली? आणि लोकांना तू चष्मे देतोस?"

तो हसायला गेला, पण तिच्याकडे पाहून थांबला. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि रागही होता.

"तुझ्या त्या एका वाक्यानं मी नऊ वर्षं प्रत्येक कापड तीन-तीनदा मोजतेय, भिंगोबा. माझाच माझ्या हातावर विश्वास नाही राहिला. बायका म्हणतात, ताईंकडे उशीर होतो."

तिच्या टेबलाची कड धरून तो उभा राहिला. म्हणाला, "मला माफ कर, असंही कोणत्या तोंडानं म्हणू?"

"ह्याच तोंडानं म्हण. दुसरं कुठून आणणार?" ताईनं नाक पुसलं आणि कापड कापलं. एकदाच मोजून.

रविवारी ती आली. तिनंच मला रुळावर ठेवलं. माझ्या मुठीनं इंजिनाची मूठ अलगद धरली. गाडी निघाली, सांध्यावर आली, आणि पार झाली. सगळे म्हणाले, नव्या चाकांची कमाल. खरंच आहे. जे चाक चुकलं होतं ते आता ताईच्या बटणांच्या डबीत आहे. पण जी गप्प राहिली ती चाकं नव्हती, मित्रांनो. ती मी होते, आणि मी अजून तीच आहे. मला बोलता येत नव्हतं, ही सबब मी स्वतःलाच हजारदा सांगितली. पडता तर येत होतं ना?

म्हणून एवढंच मागते. तुमच्या घरी माझ्यासारखं जुनं कुणी असेल तर त्याची चाकं पुसा, आसावरचे दोरे काढा, पण चाक परत बसवताना मोजा. लाडकं असेल तर दोनदा मोजा. आणि काही घसरलंच, तर दुसऱ्याच्या रुळाकडे बोट करण्याआधी आपला अंगठा आठवून बघा.

आता दर रविवारी आम्ही धावतो. ताई शेजारी बसून कुणाची तरी बाही उसवते आणि तिच्याही नकळत गुणगुणते, "रुळाला रूळ लागे, जसा टाक्याला गं टाका." पुढची ओळ ती म्हणत नाही. तिथं ती थांबते, माझ्याकडे एकदा बघते आणि दोरा तोडते.

ती ओळ मग मीच म्हणते. दर फेरीला, सांध्यावर आले की, आतल्या आत.