फिरवायची राहिलेली नळी

मेंदूला किती सूज आहे ते पाहायला सासूबाईंच्या पाठीच्या कण्यातून काढलेलं पाणी तपासणीसाठी सुनेच्याच हातात आलं. नितळ, जेमतेम अर्धा चमचा. तिच्या प्रयोगशाळेचा नियम असा, की नळी हातात पडली की आधी यंत्रात गरगर फिरवायची, पेशी तळाशी बसवायच्या, वरचं पाणी वेगळं करायचं. मगच खुर्चीला पाठ टेकायची. कारण शोधायचा असतो तो पेशींबाहेर सांडलेला डीएनए आणि आरएनए. या दोघांनी घर सोडून हिंडायचं नसतं. बाहेर दिसले की मेंदूतले राखणदार घरच्यांनाच चोर समजून काठ्या घेऊन धावतात, आणि त्या हाणामारीत मेंदू सुजतो. पण नळी तशीच राहिली, तर पेशी नळीतच फुटतात. मग सूज किती आणि आळस किती, कुणी सांगावं?

नळी रॅकमध्ये ठेवली आणि पाळणाघरातून फोन आला. बाळ काही केल्या दूध घेईना. ‘आलेच’ म्हणून गेली, ती ते झोपेपर्यंत बसून राहिली. परत आल्यावर नळी फिरवली आणि कुणाला काही बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी सांडलेल्या डीएनएचा आकडा आला, तो डोळे पांढरे करणारा.

“सूज पसरतेय,” डॉक्टर म्हणाले. “उद्यापासून जोरदार औषध. प्रतिकारशक्ती पार खाली जाईल, जपावं लागेल.”

“निदान नेमकं काय ते कळलं,” नवरा तिला म्हणाला. “तुझ्यामुळे.”

संध्याकाळी तिने त्या तपासणीचा आलेख उघडला. आजारात सांडलेला डीएनए बहुतेक तुकड्यातुकड्यांचा असतो; इथे लांबच लांब धागे होते, नुकत्या फुटलेल्या पेशींचे. नाजूक आरएनएचा तर चुरा झाला होता. ताटकळलेल्या नळीची ही खूण ती स्वतःच नवख्यांना शिकवत असे.

तिने जाऊन प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमना सांगितलं. मॅडमनी चष्मा काढला.

“डॉक्टरांना मी सांगते, औषध थांबेल. पण सुई पुन्हा टोचावी लागेल. ते सासूबाईंना तू सांग.”

सासूबाई उशीला टेकून बसल्या होत्या. ताप उतरला होता, जीभ अजून अडखळत होती.

“आई, पाणी पुन्हा काढावं लागेल.”

“पहिलं सांडलंस का?”

“नाही. मी ठेवून विसरले.”

सासूबाईंनी पाठीमागची उशी सरळ केली.

“कशात होतीस?”

“बाळ रडत होतं.”

“मग? प्यायलं का दूध?”

“प्यायलं.”

“हं.” त्यांनी पांघरूण सारखं केलं. “मी गॅसवर दूध विसरले, तेव्हा मी पण त्यालाच घेऊन फिरत होते. तू विचारलं नाहीस.”

विचारलं नव्हतंच. चार माणसांदेखत ‘एवढं कसं विसरता, आई?’ म्हणाली होती, आणि पुढे डॉक्टरांना आजाराचं पहिलं लक्षण म्हणून तेच करपलेलं दूध सांगितलं होतं. सासूबाईंनी त्या दिवशी मुकाट्याने ओटा पुसला होता.

सकाळी सासूबाई गुडघे पोटाशी घेऊन कुशीवर झाल्या. सुई शिरली, तसा त्यांनी सुनेचा अंगठा घट्ट धरला.

“झालं, आई.”

“मग इथे काय करतेस? पळ. बाळाजवळ त्याचा बाप बसलाय.”

ती पळाली. यंत्र थांबेपर्यंत त्याच्यासमोर उभी राहिली.

आकडा लहान आला. जोरदार औषधाची गरज नव्हती, साध्याने भागणार होतं. नवरा म्हणाला, “सुटलो.” पण दुसऱ्यांदा टोचल्याने सासूबाईंचं डोकं असं उठलं, की मान उचलवेना. डोळे मिटून त्या उताण्या पडून होत्या. सुनेने पडदा ओढला, पायथ्याशी बसली आणि त्यांचे पाय चेपू लागली.

“डोकं दुखतंय गं,” सासूबाई म्हणाल्या. “पाय नाही.”

तिने हात मागे घेतले. ते ठेवायचे कुठे, तिला सुचेना.