बोटाखालची लाट

त्यानं टबात मनगटापर्यंत हात बुडवला, जरा ढवळला आणि म्हणाला, "झालंय बरोबर. बसव त्याला."

तिनं सवयीनं कोपर टेकवलं आणि झटकन मागे घेतलं. चटका बसला होता. ती गार पाण्याचे तांबे ओतत राहिली. त्याचा हात लालबुंद झाला होता, पण त्याचं तिकडे लक्षच नव्हतं.

नळांच्या पितळी तोट्या ग्राइंडरवर घासण्यात त्याची उमेदीची वर्षं गेली होती. ग्राइंडरची थरथर हाडांत मुरली होती. बोटं पांढरीफटक पडली की तो ती काखेत दाबायचा आणि विषय बदलायचा. कारखान्यात रोबो आला तेव्हा त्याचा लोखंडी हात धरून तोटीची वळणं शिकवली ती त्यानंच. "आपल्या पोराच्या आधी हाच चालायला लागणार," असं घरी येऊन हसत सांगितलंही होतं. मग घासणारे सगळे घरी बसले. एकालाच ठेवणार होते: रोबोनं घासलेल्या तोटीवरून बोट फिरवून, डोळ्यांना न दिसणारा उंचसखलपणा, म्हणजे लाट, पकडणारा. त्या जागेसाठी उद्या साहेबांसमोर त्याची परीक्षा होती.

बाळ पाण्यात पाय आपटत होतं. त्यानं पिशवीतून दोन तोट्या काढून तिच्यापुढे ठेवल्या.

"एकीवर लाट आहे. मी डोळे मिटतो, तू कुठलीही दे."

बाळाच्या पाठीला एक हात देऊन तिनं दुसऱ्या हाताचं बोट फिरवलं. पहिली गुळगुळीत. दुसरीवर, चादरीवरची सुरकुती हाताला लागावी इतकी सहज, लाट लागली. तिनं जन्मात ग्राइंडर पाहिला नव्हता.

तिनं दुसरी दिली. तो बराच वेळ चाचपत राहिला.

"ही चांगली."

"बरोबर."

"आता बदलून दे."

तिनं तीच पुन्हा दिली.

"ही लाटेची!"

"बरोबर," ती म्हणाली.

"बघ! उगाच घोर लावून घेतेस जिवाला. काळजीचा कारखाना काढ तू, मीच येतो कामाला." त्यानं तोट्या खाली ठेवल्या, हात पँटला पुसले आणि पुढे केले. "आण आमच्या पैलवानाला. पुसतो मी."

रोज ती निथळतं पोर त्याच्या हातांत देऊन मोकळी व्हायची. आज तिनं टॉवेल ओढला आणि बाळाला छातीशी आवळून धरलं.

"राहू द्या. ओला आहे हो, निसटेल."

"रोज काय कोरडा असतो?"

ती हलली नाही. त्याचे हात थोडा वेळ तसेच पुढे राहिले. मग त्यानं टबाशेजारच्या रिकाम्या तांब्याकडे पाहिलं, तिच्या लाल कोपराकडे पाहिलं. खाली बसून दोन्ही तोट्या उजेडात धरल्या. दोन्ही सारख्याच लखलखत होत्या.

"लाटेची कोणती गं?" त्यानं विचारलं.