ठमाबाई डावीकडे, सोनाबाई उजवीकडे

मित्रांनो, मला हातात धरून उलटता येत नाही, पण मी पानच आहे. संगणकाच्या पडद्यावर उघडणारं एक जुनं वेबपान. माझा जन्म २००६ सालचा, जुन्या पनवेलातल्या एका पत्रिका छापणाऱ्या दुकानात. तुम्ही म्हणाल, पानाला कसली आलीय कहाणी? असं म्हणू नका. मी उघडा असेन तेवढा वेळ मला सगळं दिसतं, सगळं ऐकू येतं. बंद केलं की अंधार. मात्र जे दिसलं, त्यातलं काही दिसलं नसतं तर बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं.

मला घडवलं दमयंतीने. ती कामोठे गावातली सून. दुकानात बसून दिवसभर लग्नपत्रिकांचा मजकूर जुळवायची. कामाला मोठी काटेकोर बाई. एकेका पत्रिकेचं प्रूफ तीन-तीनदा वाचायची, मामाच्या नावातला काना जरी सुटला तरी तिला जेवण जायचं नाही. दुकानाच्या वरच्या मजल्यावर वेबपानं बनवण्याचा वर्ग निघाला, तो तिने काम सांभाळून केला. वर्गाच्या शेवटी प्रत्येकाला आपापलं एक पान करायचं होतं. कुणी क्रिकेटवर केलं, कुणी किल्ल्यांवर. दमयंतीने सासूवर केलं.

तिची सासू ठमाबाई धवलारीण होती. आगऱ्यांच्या लग्नात हळदीच्या वेळी धवले गातात, आणि ते गाणाऱ्या बाईला धवलारीण म्हणतात. तिला मंडपात भटजीइतकाच मान. ठमाबाई एकटी गात नसे. नवरीच्या डाव्या हाताला ती बसायची आणि उजव्या हाताला तिची जाऊ सोनाबाई. ठमाबाईने गाण्यातून प्रश्न विचारायचा, सोनाबाईने गाण्यातूनच उत्तर द्यायचं. असे बावीस प्रश्न आणि बावीस उत्तरं. चाळीस वर्षं दोघींनी यात बदल केला नाही. धवला अर्धा सोडायचा नाही, हा ठमाबाईचा नेम होता.

म्हणून दमयंतीने माझे दोन रकाने केले. डावीकडे ठमाबाईचे प्रश्न, उजवीकडे सोनाबाईची उत्तरं. त्या काळी मराठी अक्षरं दुसऱ्याच्या संगणकावर चौकोन होऊन बसायची. त्यावर तिने युक्ती काढली. दुकानातल्या सुंदर अक्षरात सगळा धवला जुळवला आणि त्याचं एकच मोठं चित्र करून मला चिकटवलं. माझी रुंदी तिने दुकानातल्या पडद्याइतकी पक्की बांधली, एक हजार चोवीस ठिपके, म्हणजे पिक्सेल. एक कमी नाही, एक जास्त नाही. तळाला बारीक अक्षरात लिहिलं, ‘हे पान १०२४ रुंदीच्या पडद्यावर उत्तम दिसेल.’ खरं सांगतो, त्या ओळीचा मला फार माज होता.

ठमाबाई मला बघायला एकदा दुकानात आली. सोबत सोनाबाई. दोघींना वाचता येत नव्हतं. दमयंतीने बोट ठेवून दाखवलं, “आई, हे तुमचं. आणि हे काकींचं.”

ठमाबाईने पदराने डोळे पुसून पडद्याकडे पाहिलं. म्हणाली, “मी ह्या बाजूला, सोनू त्या बाजूला. बराबर हाय. मंडपान बसतो तशाच बसलोय आमी.”

सोनाबाई हसली. “हितं तरी मला पुढं बसव गो कवातरी. जनमभर तू इचारलंस न् मी सांगितलं.”

“तुला इचारायला येतंय काय?” ठमाबाई म्हणाली, आणि सगळं दुकान हसलं.

पुढची चार वर्षं माझी सुखाची. माझ्या तळाला पाहुण्यांची संख्या मोजणारा आकडा होता, तो रोज थोडा थोडा चढायचा. उरणच्या कोण्या मास्तरांनी कौतुकाचं पत्र पाठवलं. दुकानात पत्रिका द्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला दमयंती मला उघडून दाखवायची, आणि बाया उभ्या उभ्या गुणगुणायला लागायच्या. मला वाटायचं, आता हा धवला कायमचा सुखरूप. मी आहे ना!

२०१० साली सोनाबाई गेली. त्यानंतर ठमाबाई कुणाच्या मांडवात गायला गेली नाही. हळूहळू तिला विसर पडू लागला. चहात मीठ, उन्हात ठेवलेल्या पापडांचा पत्ता नाही, नातींच्या नावांची अदलाबदल. दमयंती दुकानात मालकिणीजवळ सांगायची, ते मी ऐकायचो. एक गोष्ट मात्र ठमाबाईच्या डोक्यातून जात नव्हती. थोरली नात रिया हिच्या हळदीला तिला पुरा धवला म्हणायचा होता. रोज विचारायची, “रियाची हलद कंदी हाय?” तिचे प्रश्न तिला येत होते, पण एक उत्तर कानावर पडलं तरच पुढचा प्रश्न तिला सुचायचा. उत्तर आलं नाही तर ती तिथेच अडायची.

२०१३ च्या मे महिन्यात रियाचं लग्न ठरलं. उत्तरं द्यायला सोनाबाईच्या जागी धाकटी नात दिपिका बसणार होती. दमयंतीने दुकानात मला उघडलं आणि कागदावर छापायला घेतलं. दिपिका शेजारीच होती. म्हणाली, “अगं आई, कागद कशाला? हळदीच्या हातांनी त्याचा लगदा होईल. मोबाईलवर आहे की सगळं.”

दमयंतीला ते पटलं. मला तिने नेहमी दुकानातल्या मोठ्या पडद्यावरच पाहिलं होतं. पत्रिकेचं प्रूफ तीनदा वाचणाऱ्या त्या बाईने मोबाईलवर माझं प्रूफ एकदाही पाहिलं नाही. माझी वेळ आली तेव्हाच नेमकी तिला लगीनघाई.

हळदीच्या सकाळी दिपिकाने मला उघडलं, तेव्हा मी मंडपात होतो. पाटावर रिया. तिच्या डावीकडे ठमाबाई, नवं लुगडं नेसून ताठ बसलेली. उजवीकडे दिपिका, आणि तिच्या तळहातावर मी. पडदा चार बोटं रुंद. त्यात मी माझी एक हजार चोवीस ठिपक्यांची रुंदी घेऊन कसाबसा मावलो. मावलो म्हणजे काय, माझी अक्षरं मुंग्यांएवढी झाली.

पहिली चार उत्तरं दिपिकाला ऐकून पाठ होती. ती छान गेली. ठमाबाईचा आवाज हळूहळू मोकळा होत गेला. मग तिने पाचवा प्रश्न घेतला.

“नवरीच्या पाटाखाली काय गो मांडला?”

दिपिकाने दोन बोटांनी मला मोठं केलं. अक्षरं दिसू लागली, पण पडद्यावर फक्त माझी डावी बाजू राहिली, म्हणजे सगळे प्रश्नच. उत्तरं पडद्याबाहेर. तिने मला सरकवलं, तर प्रश्न गेले आणि ओळ हुकली. पुन्हा लहान केलं, पुन्हा मोठं केलं. बाया थांबल्या होत्या. घाईघाईत दिपिकाने जी ओळ दिसली ती गायली.

“मामाच्या खांद्यावर बसून गो आली!”

ते सहाव्या प्रश्नाचं उत्तर होतं. बाया हसल्या. ठमाबाई हसली नाही. तिने पाचवा प्रश्न पुन्हा म्हटला. मग तिसऱ्यांदा. दिपिकाचं बोट माझ्यावर इकडून तिकडे धावत होतं. मी काय करणार? वळायचं कसं, आखडायचं कसं, हे मला कुणी शिकवलंच नव्हतं. शेवटी ठमाबाई नवरीच्या पलीकडे वाकून बघू लागली.

“सोनू कुटं हाय? सोनूला बलवा. तिला येतंय.”

कुणीतरी हलकेच म्हणालं, “आजी, सोनाबाई गेल्या ना.”

ठमाबाईने ते जणू पहिल्यांदाच ऐकलं. “कंदी?” तिने विचारलं, आणि हळदीच्या वाटीजवळ बसून ती हमसून हमसून रडली. रियाही रडली. हळदीला रडू नये म्हणून बायांनी लगबगीने हळद लावून घेतली आणि कुणीतरी डीजे लावायला सांगितला. दिपिकाने मला बंद केलं. धवला पाचव्या प्रश्नावर राहिला.

आठ दिवसांनी दमयंतीने मला पहिल्यांदा मोबाईलवर उघडलं. मला दोन बोटांनी इकडेतिकडे सरकवून पाहिलं. मग तळाची बारीक ओळ मोठी करून वाचली. म्हणाली, “आणि मी हे अभिमानाने लिहिलं होतं.” मला जागच्या जागी पुसून टाकलं असतं तरी इतकं लागलं नसतं.

पण तिने मला टाकलं नाही. दुसऱ्या वर्षी खांदा कॉलनीत नवा वर्ग निघाला, तिथे ती जाऊ लागली. वयाने सगळ्यांत मोठी. तिथले सर सांगायचे, “पडदा लहान झाला म्हणून मजकूर बारीक करायचा नसतो. मांडणी बदलायची असते.” दमयंती ते वहीत लिहून घ्यायची. तिने आधी माझं ते मोठं चित्र काढून टाकलं आणि बावीस प्रश्न, बावीस उत्तरं नव्याने टंकली, आता चौकोन न होणाऱ्या खऱ्या अक्षरांत. मग माझी पक्की रुंदी सोडवली. ठिपके मोजणं बंद. प्रत्येक रकाना पडद्याच्या निम्मा, मग पडदा केवढाही असो. उघडताना पडद्याची खरी रुंदी विचारून घ्यायला मला शिकवलं. आणि शेवटी एक अट घातली, पडदा सहाशे ठिपक्यांहून अरुंद असेल तर दोन रकाने शेजारी ठेवायचे नाहीत, एकाखाली एक घ्यायचे.

तोवर ठमाबाई अंथरुणाला खिळली होती. बोलणं जवळजवळ थांबलं होतं. नातींना ओळखत नव्हती. भरवलं तर खायची, नाहीतर भिंतीकडे बघत पडायची.

२०१५ च्या जानेवारीतली एक दुपार. दमयंती सासूच्या खाटेशी बसून मोबाईलवर मला तपासत होती. मी सुरेख उघडलो. अक्षरं मोठी, ठसठशीत, एकही ओळ बाहेर जात नव्हती. पण दमयंतीच्या कपाळाला आठी पडली. मी तिचं शब्दशः ऐकलं होतं. आधी पुरा डावा रकाना आणि त्याच्याखाली पुरा उजवा. बावीस प्रश्न ओळीने, आणि उत्तरं पार तळाला. पुन्हा पंचाईत.

“परत चुकलंच,” ती पुटपुटली. मग ओळी नीट तुटतात की नाही हे तरी बघावं म्हणून तिने पहिला प्रश्न चालीवर हळूच म्हटला.

“मांडवाच्या दारी कोन गो उभी?”

खाटेवरून आवाज आला. घोगरा, पण सुरात.

“नवरीची आय ती हलद घेऊन उभी.”

दमयंती खाटेकडे वळली. तिने दुसरा प्रश्न म्हटला. उत्तर आलं. तिसरा, चौथा. मग पाचवा.

“नवरीच्या पाटाखाली काय गो मांडला?”

“तांदलाचा चौक आजीनं मांडला.”

मित्रांनो, चाळीस वर्षं ठमाबाईने सोनाबाईची उत्तरं ऐकली होती. ती सगळी तिच्या आत होती. तिला कुणी प्रश्न विचारलाच नव्हता. ती विचारणारी, म्हणून सगळ्यांनी तिच्यासाठी उत्तरं शोधली, आणि तीही माझ्यात. रियाच्या हळदीला दिपिकाने मला खाली ठेवून तो प्रश्न आजीलाच उलटा विचारला असता, तर धवला पुरा झाला असता. त्या दिवशी पंधरा-वीस बाया तिथे होत्या आणि सगळ्या माझ्याकडे बघत होत्या.

बावीसच्या बावीस झाले. शेवटचा प्रश्न म्हणताना दमयंतीने मला मांडीवर ठेवलं होतं, मला फक्त छत दिसत होतं.

“जातंस तं लेकी, मागं काय ठेवतंस?”

“भिंतीवर ठेवतंय हलदीचा हात.”

मग ठमाबाई म्हणाली, “सोनू, आज तू इचारलंस गो.”

“हो,” दमयंती म्हणाली. “आज मी विचारलं.”

पुढच्या महिन्यात ठमाबाई गेली. त्यानंतर दमयंतीने माझी ती शेवटची चूक सुधारली. आता प्रत्येक प्रश्न आणि त्याचं उत्तर एका चौकटीत बांधलेलं आहे. मोठ्या पडद्यावर ती जोडी शेजारी बसते, लहान पडद्यावर एकाखाली एक, पण ताटातूट होत नाही. तळाची ती माजाची ओळही तिने पुसली.

२०१६ च्या मे महिन्यात दिपिकाची हळद झाली. डावीकडे दमयंती, उजवीकडे रिया, दोघींच्या हातांत दोन वेगळे मोबाईल, आणि मी दोन्हींत नीट मावलो होतो. मला कुणी मोठं केलं नाही, कुणी सरकवलं नाही. पाचव्या प्रश्नाला रियाने पाटाकडे पाहिलं. चौक शेजारच्या काकूंनी मांडला होता. तरी ती ‘आजीनं मांडला’ असंच गायली आणि तिथेच तिचा आवाज गेला. बाकीची उत्तरं बायांनी उचलून धरली. धवला पुरा झाला. माझं काम मी चोख केलं, आणि मला त्याचा जराही आनंद झाला नाही.

मित्रांनो, तुम्ही पुढे पानं बनवाल, तेव्हा ती लहानात लहान पडद्यावर आपल्या हाताने उघडून बघा. मला कायमचं झाकून ठेवायला सांगत नाही, मी उघडण्यासाठीच आहे. पण तुमच्या घरात कुणी गाणारं, सांगणारं म्हातारं माणूस असेल, तर आज मला बंद करा आणि त्याच्याजवळ जाऊन बसा. पहिला प्रश्न तुम्ही विचारा.