दुसरी ओळ

“आजी, आवाज आला की मगच बटण दाबायचं. आवाज नसताना नाही.”

काचेपलीकडच्या बंद खोलीत हेडफोन लावून बसलेल्या म्हाताऱ्या बाईंनी शहाण्या मुलीसारखी मान डोलावली आणि लगेच तीनदा बटण दाबलं. मशीनमधून अजून काहीच सोडलेलं नव्हतं.

“लवकर सुटका व्हावी म्हणून दाबतेय ती,” मागे उभा असलेला त्यांचा मुलगा म्हणाला. “घरीही हेच. काही विचारलं की हो म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. तुम्ही मलाच विचारा, मी सांगतो.”

“त्यांचे कान आहेत, त्यांनाच विचारते,” भुंगाताई म्हणाली आणि बटणं फिरवायला लागली.

एकवीस वर्षं ती या दवाखान्यात कान तपासत होती. अंदाजाने बटण दाबणारे, ऐकू येत नाही हे कबूल न करणारे, बायकोचंच बोलणं तेवढं ऐकू येत नाही म्हणणारे, सगळे तिच्या ओळखीचे होते. पाऊण तासाने आजींच्या कानांचा आलेख कागदावर उतरला. उजवा कान जवळजवळ गेलेला, डावा मात्र पुष्कळ शिल्लक होता.

“डाव्याला मशीन लावून बघू,” ती म्हणाली. “आत्ताच. नुसतं बघायला.”

भुंगाताई हे काही तिचं खरं नाव नव्हे. शाळेत ती बाकावर बसून सतत गुणगुणायची. एकदा वर्गातल्या बाईंनी विचारलं, “हा भुंगा कुठून शिरला?” झालं. पुढे नोकरीला लागली तेव्हा त्याला ताई जोडलं गेलं, एवढाच काय तो फरक. गुणगुणायची ती एकच ओळ. दुसरं गाणं तिच्या डोक्यात कधी टिकलंच नाही. आणि गंमत म्हणजे आपण गुणगुणतोय हे तिला स्वतःला कळायचं नाही, समोरचा हसला की कळायचं.

टेक गं बाई टेक, पाठ जराशी टेक.

आई ही ओळ तिला थोपटताना म्हणायची. पुढे काही नाही, पुन्हा तीच ओळ. चाल शेवटच्या ‘टेक’वर अशी काही वर चढायची, की आता खाली उतरणार म्हणून ऐकणाऱ्याने वाट बघावी. ती कधी उतरलीच नाही. पुढचं काय, असं लहानपणी विचारलं तर आई म्हणायची, “एवढंच आहे. झोप.” आई जाऊन सहा वर्षं झाली होती, आणि गेल्या सहा वर्षांत ती ओळ जास्तच मागे लागली होती. भांडी घासताना, रांगेत उभं असताना, एकदा तर कुणाच्या तरी शोकसभेत. तिने गाण्याच्या क्लासमधल्या सरांना विचारलं होतं, रेडिओवाल्यांना पत्र लिहिलं होतं. सगळ्यांचं एकच उत्तर, कुठली तरी अंगाई असेल. तिनेही अंगाई समजूनच ती स्वतःच्या मुलीला म्हटली होती.

अर्धं राहिलेलं गाणं डोक्यातून जात नाही, असं तिने कुठेसं वाचलं होतं. तिला वाटायचं, आपली आईही आपल्याला एवढीच माहीत आहे, एका ओळीएवढी. कुणाच्या अध्यात ना मध्यात. बाबा बोलले की गप्प, आजोबा बोलले की गप्प. नातेवाईक अजून म्हणायचे, “तुझी आई म्हणजे गरीब गाय.”

आजींना काचेच्या खोलीतून बाहेर आणून तिने मशीन त्यांच्या कानामागे बसवलं, बारीक नळी कानात सरकवली आणि खाली वाकून आवाज हळूहळू वाढवायला लागली. आजी ताठ झाल्या. डोळे इकडेतिकडे फिरले.

“पंखा वाजतोय,” त्या म्हणाल्या.

“हो. दोन वर्षांपासून वाजतोय,” भुंगाताई म्हणाली.

“बाहेर कुणीतरी खोकलं.”

“बघा! अजून?”

आजींनी मान वळवून तिच्याकडे बघितलं. डावा कान तिच्या दिशेने केला. मग त्यांचा चिरका, थरथरता आवाज निघाला, पण सूर पक्का होता. चाल अगदी जिथे लटकून राहायची तिथूनच त्यांनी ती उचलली आणि खाली आणली.

“साहेबाच्या खुर्चीला पाय चार, आमच्या वाट्याला नाही एक!”

भुंगाताईचा हात मशीनवरच राहिला.

“आई, अगं काय हे!” मुलगा ओरडला. “दवाखाना आहे हा!”

“ओरडू नकोस,” आजी म्हणाल्या. “ऐकू येतंय मला.” मग त्यांनी भुंगाताईचं मनगट धरलं. “तू आत्ता गुणगुणत होतीस ते चिमणीचं गाणं आहे. तुला कुठून आलं?”

“चिमणी कोण?”

“आमच्यातली. बल्बच्या कारखान्यात होतो आम्ही. एवढीशी होती, म्हणून चिमणी. तिची करंगळी बघ,” आजींनी स्वतःच्या डाव्या हाताची करंगळी दुमडून दाखवली, “अशी वाकडी होती. हातात बल्ब फुटला होता.”

“दारात चेमटली होती,” भुंगाताई म्हणाली. म्हणजे आईने तिला तसं सांगितलं होतं.

“तू तिची मुलगी,” आजी म्हणाल्या. तो प्रश्न नव्हता.

बाहेर तीन पेशंट ताटकळत होते. भुंगाताईने दार उघडून सांगितलं, “वीस मिनिटं लागतील,” आणि दार लावून घेतलं. एकवीस वर्षांत असं तिने पहिल्यांदाच केलं.

आजी सांगायला लागल्या. पॅकिंगच्या हॉलमध्ये साठ बायका होत्या. प्रत्येक बल्ब लावून बघायचा, पेटला की पुठ्ठ्यात गुंडाळायचा, खोक्यात ठेवायचा. दहा तास उभ्याने. बसायला काही नाही, कारण बसल्यावर हात मंदावतात असं साहेबाचं म्हणणं. एकीला सातवा महिना होता, तीसुद्धा उभी. अर्ज दिले, विनवण्या केल्या. साहेब म्हणाला, पाय दुखत असतील तर घरी बसा.

“मग चिमणीने गाणं केलं. एकोणीस वर्षांची पोर. कामावर गाऊ नका असा काही नियम नव्हता ना! साहेब जवळ आला की आम्ही पहिली ओळ म्हणायचो. त्याला वाटायचं, बाया अंगाई गाताहेत, गाऊ देत बापड्या. तो पाठमोरा झाला की दुसरी. तो वळला की पुन्हा पहिली. तीन आठवडे! हसून हसून आमच्या हातातून बल्ब पडायचे.”

“आणि मग?”

“मग एक दिवस मालक आला, पाहुणे घेऊन. साहेब पुढे पुढे करत हॉल दाखवत होता. आम्ही पहिली ओळ म्हटली. पाहुणे म्हणाले, वा! तशी चिमणी उलट्या खोक्यावर चढली आणि साहेबाकडे तोंड करून तिने दुसरी म्हटली. एकटीने. तुला सांगते, हॉलमध्ये टाचणी पडली असती तर ऐकू आली असती. मग आम्ही साठजणींनी म्हटली, आणि जमिनीवर फतकल मारून बसलो. सात दिवस रोज जायचो, हजेरी लावायचो आणि बसायचो.”

“काढून टाकलं नाही कुणाला?”

“कुणाकुणाला काढणार? चिमणीला बोलावलं, धमकावलं. ती म्हणाली, गाणं माझं आहे, पण पाय साठजणींचे आहेत. आठव्या दिवशी टेंपो आला. स्टुलं उतरली. मी मोजली, साठ होती.”

दाराला टेकून घड्याळ बघत उभा राहिलेला मुलगा केव्हाच खुर्चीवर बसला होता. “आई, हे तू कधी सांगितलं नाहीस,” तो म्हणाला.

“तू विचारलं होतंस कधी?” आजी म्हणाल्या.

संध्याकाळी भुंगाताई घरी गेली ती थेट बाबांच्या खोलीत. बाबा त्र्याऐंशी वर्षांचे. खिडकीशी बसून भिंगातून पेपर वाचत होते. तिने चप्पलही काढली नाही. दारातच उभं राहून दोन्ही ओळी म्हटल्या, सलग.

बाबांनी भिंग खाली ठेवलं.

“कुणी सांगितलं?”

“म्हणजे तुम्हाला माहीत होतं.”

भुंगाताईला एवढंच माहीत होतं, की बाबा कुठल्याशा कारखान्यात कारकून होते. कुठला, ते तिने कधी विचारलं नव्हतं.

“मी फाटकावर हजेरी लिहायचो,” बाबा म्हणाले. “त्या दिवशी सही घ्यायला हॉलमध्ये गेलो होतो. ती खोक्यावर उभी होती. तिला बघितलं आणि तेव्हाच ठरवलं, लग्न करीन तर हिच्याशी.”

“आणि मग तिला गप्प केलंत.”

“माझ्या वडिलांनी अट घातली होती. कारखान्यातलं तोंड या घरात चालायचं नाही. मी तिला तसं सांगितलं. तिने एकच विचारलं, गाणं तरी चालेल का?” बाबा भिंग पुसायला लागले. “मी म्हटलं, पहिली ओळ चालेल.”

भुंगाताई दारातून आत आली. खूप काही तोंडावर आलं होतं. चाळीस वर्षं एका खोलीत, एका ताटाशी बसलेली आई, आणि हा एवढा मोठा ऐवज तिच्या पोटात.

“आजोबा गेल्यावर तरी?” तिने विचारलं.

“तेव्हा म्हटलं होतं तिला. आता म्हण की, म्हटलं. ती म्हणाली, सवय गेली.” त्यांनी पेपरची घडी केली, उलगडली, पुन्हा केली. “मी भित्रा होतो गं. तिला धीट म्हणून पसंत केली आणि घरात आणल्यावर मलाच तिची भीती वाटली. यापेक्षा दुसरं काय सांगू?”

ती बाहेर आली. चप्पल काढली, पाणी प्यायली. राग होताच. पण त्या रागाच्या वर काहीतरी उसळत होतं, आणि ते दाबलं जाईना. आई खोक्यावर चढली होती! साठजणींना तिने खाली बसवलं होतं आणि साहेबाला उभं ठेवलं होतं! भुंगाताई स्वयंपाकघरात एकटीच खो खो हसली. मुलगी धावत आली, “काय झालं गं?” तिने मुलीला ओट्याशी उभं करून दोन्ही ओळी शिकवल्या. दुसऱ्या वेळेपर्यंत दोघी भिंतीपलीकडे ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने गात होत्या. बाबांच्या खोलीचं दार उघडंच होतं.

रविवारी आजींनी निरोप पाठवला. त्या हॉलमधल्या आणखी दोघी सापडल्या होत्या, चार वाजता घरी ये. ती निघाली तेव्हा बाबा इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभे होते.

“मी आलो तर चालेल?”

“मला काय विचारता? त्यांना विचारा.”

आजींच्या बैठकीच्या खोलीत तिघी म्हाताऱ्या कोचावर दाटीवाटीने बसल्या होत्या. एक काठी घेऊन, एक जाड चष्म्याची, आणि कानात नवं मशीन लावलेल्या आजी. बाबा उंबऱ्यातच थांबले. काठीवाल्या बाईंनी त्यांना नखशिखांत न्याहाळलं.

“हा तर हजेरीबाबू! एक मिनिट उशीर झाला की लाल शाई!”

“हाच घेऊन गेला आपल्या चिमणीला,” चष्म्यावाल्या म्हणाल्या. “आणि पुन्हा कधी भेटू दिली नाही.”

“नाही दिली,” बाबा म्हणाले. “चूक झाली माझी. ती तुमच्यासमोर कबूल करायलाच आलोय.”

मग आजी म्हणाल्या, “आत ये. उभा राहून काय हजेरी घेणार आहेस?”

चहा झाला आणि तिघी गायला लागल्या. आवाज फाटलेले, दम पुरत नव्हता, एकीचा सूर दुसरीच्या मागे लंगडत होता. पण दुसऱ्या ओळीवर तिघींच्या माना एकदम ताठ झाल्या. भुंगाताईला तेव्हा कळलं, की गाण्याला तिसरी आणि चौथी ओळही होती.

हजार दिवे लावून पाहिले, उजेड गेला दूर,
सुजल्या आमच्या पायांचा ऐका आता सूर.

“सुजल्या नव्हे, थकल्या,” चष्म्यावाल्या म्हणाल्या.

“सुजल्याच! मी तिच्या शेजारी उभी असायची!”

“मी समोर असायची!”

दोघींचं चांगलंच जुंपलं. आजींनी कानातल्या मशीनचा आवाज कमी केला आणि भुंगाताईला डोळा मारला. शेवटी ‘सुजल्या’वर तडजोड झाली. मग भुंगाताई गायली, सगळ्या चार ओळी, एका दमात, मोठ्याने. तोंड मिटून गुणगुणणं वेगळं आणि छाती भरून म्हणणं वेगळं, हे तिला अठ्ठेचाळिसाव्या वर्षी समजत होतं. शेवटचा सूर खाली उतरून टेकला तेव्हा तिघींनी टाळ्या पिटल्या, आणि काठीवाल्या बाई डोळे पुसत म्हणाल्या, “चढ गं, आता खोक्यावर चढ!”

“हे लिहून ठेवायला हवं,” आजी म्हणाल्या. “आमचा काय भरवसा?”

बाबांनी खिशातून पेन काढलं. आजींच्या मुलाने कोरा कागद दिला. बाबांचं अक्षर अजून छापल्यासारखं होतं. तिघी सांगत गेल्या, ते लिहीत गेले. एकेक ओळ झाली की वाचून दाखवायचे, तिघींनी हूं म्हटलं की पुढे जायचे.

“खाली नाव लिहा,” चष्म्यावाल्या म्हणाल्या. “जिने केलं तिचं.”

बाबांनी पेन टेकवलं आणि थांबले. भुंगाताई त्यांच्या खांद्यावरून बघत होती. त्यांनी आईचं नाव लिहिलं, त्यापुढे तिच्या वडिलांचं, आणि मग माहेरचं आडनाव. गाणं केलं तेव्हा जे होतं ते.

कागद त्यांनी आजींकडे दिला. “बरोबर आहे ना, बघा.”

आजींनी तो डोळ्यांजवळ धरला आणि ते नाव एकेक अक्षर लावत सावकाश वाचलं. आईचं हे पूर्ण नाव भुंगाताईने कुणाच्या तोंडून ऐकलं ते पहिल्यांदाच.