मैत्रिणीचं घर

माझ्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या पोरीला एक मैत्रीण होती. त्या मैत्रिणीने नुकतंच घर घेतलं होतं. ते भाड्याने द्यायचं होतं, पण बिचारीला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. म्हणून वरची दर दोन-चार दिवसांनी माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसायची आणि मैत्रिणीच्या वतीने मला प्रश्न विचारायची.

अशी कुठली मैत्रीण नाही, हे मला आधीपासून माहीत होतं. कर्ज देणाऱ्या बँकेचा माणूस पत्ता पडताळायला आला, तेव्हा वर कुलूप होतं, म्हणून त्याने माझी बेल वाजवली. वरचे नवरा-बायको किती वर्षं राहतात, वागायला कसे आहेत, ते विचारलं. जाताना म्हणाला, छोटंसंच घर घेताहेत, बसने दोन थांब्यांवर, पण तळमजल्याचं आहे. मी दार लावलं आणि खुर्चीत बसून राहिले.

ती चष्म्याच्या दुकानात काचा बसवते, तिचा नवरा बेकरीची गाडी चालवतो. मला दोघंही काकू म्हणतात. मागे मी न्हाणीघरात घसरून पडले होते आणि दार आतून बंद. तेव्हा तिच्या नवऱ्याने खिडकीचा गज कापून आत उडी मारली होती. नंतर ती म्हणाली, "काकू, दर वेळी गज कापण्यापेक्षा तुमची एक किल्ली आमच्याकडे ठेवा." तेव्हापासून माझ्या घराची किल्ली वर असते. मालकिणीची किल्ली भाडेकरूकडे, असा आमचा उलटा कारभार.

घर घेतल्याचं त्यांनी मला सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. मूग गिळून बसले. विचारलं असतं तर "आम्ही जातोय" हे ऐकावं लागलं असतं आणि ते मला ऐकायचं नव्हतं. मग ही मैत्रीण उगवली, आणि ती घर भाड्याने देणार म्हटल्यावर माझा जीव भांड्यात पडला. भाड्याने देणार म्हणजे ही दोघं इथेच राहणार. मग काय, मला शिकवायचा हुरूपच आला.

भाडेकरू कसा निवडायचा, हा तिचा पहिला प्रश्न. मी म्हटलं, फार गोड बोलणाऱ्याला देऊ नये. माझा पहिला भाडेकरू मी तो माझ्या विनोदांना हसला म्हणून ठेवला होता. तो हसत हसतच भाडं बुडवायचा आणि हसत हसतच गेला, जाताना न्हाणीघरातला शॉवरही काढून घेऊन. त्यापेक्षा माणूस आत्ता जिथे राहतो तिथल्या मालकाला जाऊन विचारावं. नळ बिघडला तर खर्च कुणाचा, असं तिने विचारलं. जुना होऊन बिघडला तर मालकाचा, आपटून बिघडवला तर भाडेकरूचा, आणि भांडण होणार असेल तर मुकाट्याने नळ बदलावा, नळ स्वस्त असतो. करार नात्यातल्या माणसाशीही कागदावरच करावा. वर्षाचं भाडं बारा महिन्यांचं धरू नये, घर मधे रिकामंही पडतं. आणि घर सोडताना सगळ्या किल्ल्या मोजून घ्याव्यात, मिळाल्याचं कागदावर लिहावं. भाडेकरू कितीही चांगला असो, एकही किल्ली त्याच्याकडे राहू देऊ नये.

ती मान डोलवत ऐकायची. मधेच चुकून "मग आम्ही," म्हणायची आणि जीभ चावायची. मी चहाच्या भांड्यात बघत बसायचे.

एका संध्याकाळी ती आली. कपाचा कान धरून बसली. मग म्हणाली, "काकू, मैत्रीण विचारत होती. ते घर भाड्याने द्यावं, की आपणच राहायला जावं?"

एका वाक्याचं काम होतं. "भाड्याने दे म्हण तिला," एवढं म्हटलं असतं तर तिने ऐकलं असतं. माझ्या शब्दावर ती चालते, हे मला माहीत होतं, आणि म्हणूनच ते वाक्य तोंडातून निघेना.

मी विचारलं, मैत्रिणीच्या घरी कोण कोण असतं. नवरा, म्हणाली. आणि आई, पण आई दुसऱ्या गावी एकटीच. तिचे गुडघे गेलेत. तिला आणायचंय, पण मैत्रीण राहते तिथला जिना फार उभा आहे.

तो जिना माझ्या नवऱ्याने बांधला होता, जागा वाचवायला. तो असताना मी त्याला त्यावरून कमी टोमणे मारले नव्हते. आज त्या जिन्याने माझ्यावरच सूड उगवला.

मला ती दोघं हवी होती. सकाळी वर खुर्ची सरकल्याचा आवाज आला की मला बरं वाटतं. पण दोन थांब्यांवर तळमजल्याचं घर आणि लांब कुठेतरी एकटी आई, हे ऐकल्यावर दुसरं काय सांगणार?

"तिला सांग, राहायला जा," मी म्हटलं. "इथलं भाडं, तिथला हप्ता, आणि मधे भाडेकरू नाही मिळाला तर दोन्हीकडून मार. पहिलं घर आधी आपल्या माणसांसाठी असतं. आईला घेऊन ये म्हणावं."

"आणि तिची घरमालकीण? तिला वाईट वाटेल म्हणून मैत्रीण अजून काही बोललीच नाही."

"वाटेलच. दगड आहे का ती? पण महिनाभर आधी सांगायचं असतं, करारात तसं लिहिलेलं असतं."

ती हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. "काकू, ती मैत्रीण म्हणजे..."

"माहीत आहे मला. चहा पी, गार होतोय."

सामान बेकरीच्याच गाडीतून गेलं. शेवटी ती एकटी खाली आली. मीच शिकवलं होतं तसा कागद तिने लिहून आणला होता, घर आणि सगळ्या किल्ल्या मिळाल्याचा, खाली माझ्या सहीला जागा. टेबलावर तिने किल्ल्या मांडल्या. दाराच्या दोन, गच्चीची एक.

मी पुन्हा मोजल्या. "एक कमी आहे," मी म्हटलं.

"ती वरच्या घराची नाही," ती म्हणाली. "ती माझ्याकडेच राहणार."

मी चष्मा लावला, कागद पुढे ओढला आणि सगळ्या किल्ल्या मिळाल्या म्हणून सही केली.